लोहाच्या गोळीचा हिशेब



पुस्तिकेसाठी लेख द्या असं कार्यकारिणीने सांगितलं तेव्हा आम्ही आधी सरळ नाही म्हणून टाकलं. आम्ही नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरवाले. औषधपाण्यावर लिहिण्याचा आम्हाला काय अधिकार? पण मदतनिधीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलेला प्रश्न डोक्यातून जाईना. यंदाच्या निधीतला काही भाग गावाकडच्या शाळकरी मुलींच्या रक्ततपासणीसाठी जाणार आहे, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "अहो, लोहाच्या गोळ्या तर सरकार फुकट वाटतं. गोळी गिळली की झालं. त्याला आपले डॉलर कशाला?"

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायचं तर आमच्या घरातली हकीकत सांगावी लागली असती, आणि तिकडे बटाटेवडे थंड होत होते. म्हणून ती इथे सांगतो. मंडळातल्या एका डॉक्टर मैत्रिणीने हा लेख वाचून दोन चुका दुरुस्त केल्या आहेत. तरीही हा लेख म्हणजे सल्ला नव्हे. स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका. असं का म्हणतो ते पुढे येईलच.

सुरुवात झाली ती बर्फापासून. धाकट्याचा दुसरा वाढदिवस होऊन गेला होता. आमच्यापैकी एकीला फ्रिजच्या दारातून ग्लासभर बर्फ काढायचा आणि कुडुम कुडुम चावत बसायचं, असा नाद लागला. ऑफिसातही तेच. आम्ही त्यावर विनोद करायचो. जिना चढताना धाप लागे, केस गळत, संध्याकाळी मुलांवर विनाकारण चिडचिड होई. पण दोन मुलं, नोकरी आणि ट्रेनचा प्रवास असल्यावर कोण दमत नाही? वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन ८.६ निघालं. बाईमाणसाचं १२च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, पुरुषाचं १३च्या खाली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बर्फ खावासा वाटतो का?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. लोह कमी झालं की बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काहीतरी खाण्याची ओढ लागते. शाळेत पाटीवरची पेन्सिल कुरतडणाऱ्या मुली आठवतात का? आपण त्यांना हसायचो. त्यांतल्या कितीजणींचं रक्त कुणी तपासलं असेल?

डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करायला लावली, फेरिटिनची. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या डब्यातलं पीठ आणि फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य असं समजा. डबा रिकामा व्हायच्या कितीतरी आधी कणगी तळाला गेलेली असते. नुसतं हिमोग्लोबिन बघणारा माणूस शेवटच्या दिवशी जागा होतो. आमचं फेरिटिन ४ होतं. १५च्या खाली गेलं की कणगी रिकामी समजतात, आणि बरेच डॉक्टर ३०च्या खालीच सावध होतात. (ताप, जंतुसंसर्ग, संधिवात असलं काही असेल तर फेरिटिन उगीच फुगलेलं दिसतं, तेवढं लक्षात ठेवा.)

फोनवर आईला सांगितलं. तिचं उत्तर तयारच होतं, "बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, खजूर खा, अळिवाचे लाडू पाठवते, आणि ती नॉनस्टिक भांडी फेक, लोखंडी कढईत भाजी कर." यातलं अळीव आणि लोखंडी कढई खरोखर कामाची; कढईत टोमॅटो किंवा चिंचेचं आंबट काही शिजवलं तर लोह उतरतं. बीट बिचारं नुसतं रंगाने लाल. आहार चांगला असावाच, पण एकदा कणगी रिकामी झाली की आहारावर ती भरत नाही. का, ते आम्ही इंजिनिअर असल्यामुळे आकडेमोड करूनच बघितलं.

एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. आमच्या रुग्णाच्या अंगात रक्त सुमारे ३.७ लिटर, म्हणजे ३७ डेसिलिटर. हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ४ ग्रॅमने वाढवायचं, म्हणजे १४८ ग्रॅम नवीन हिमोग्लोबिन हवं. त्याला लोह लागेल ५०० मिलिग्रॅम. कणगीत किमान ३०० तरी असावेत. एकूण कर्ज झालं ८०० मिलिग्रॅम. आणि निरोगी माणसाच्या जेवणातून अंगी लागतं किती? रोज एक-दोन मिलिग्रॅम, तेही रोजच्या झिजेत आणि पाळीत खर्च होतं. पगारात घरखर्च जेमतेम भागतो आहे, त्यातून कर्ज फेडायचं कसं?

म्हणून गोळी. इथे दुकानात मिळणाऱ्या फेरस सल्फेटच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत ३२५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. ते मिठाचं वजन, लोहाचं नव्हे. त्यात प्रत्यक्ष लोह असतं ६५. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेला हाच आकडा वाचायचा. फेरस फ्युमरेट, फेरस ग्लुकोनेट यांचे आकडे वेगळे. ग्लुकोनेटमध्ये लोह बरंच कमी. मुलांच्या त्या चविष्ट गमी व्हिटॅमिनमध्ये बहुधा लोह नसतंच. आणि "सावकाश विरघळणारी, पोटाला सौम्य" म्हणून मिळणारी महागडी गोळी घेण्यात हशील नाही. लोह शोषलं जातं ते जठराच्या लगेच पुढच्या आतड्यात. ही गोळी तो टप्पा ओलांडून गेल्यावर विरघळते. सौम्य वाटते, कारण काम कमी करते. साधी, स्वस्त गोळीच बरी.

तर ६५ पैकी अंगी लागतात फार तर १० ते १५ टक्के. आठ मिलिग्रॅम धरू. ८०० भागिले ८, म्हणजे १०० गोळ्या. शिवाय दर महिन्याला पाळीत जाणारं लोह वेगळं. म्हणजे चार-पाच महिने. हा हिशेब आम्ही पहिल्या दिवशी केला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. प्रत्यक्षात केला तो सहा महिन्यांनी.

कारण पहिल्या खेपेला आम्ही बारा दिवसांत गोळ्या बंद केल्या. मळमळ, पोटात कळ, बद्धकोष्ठता. एरवी बग सापडेपर्यंत रात्र रात्र जागणारी माणसं आम्ही, पण इथे दोन आठवड्यांत हात टेकले. आणि गंमत अशी की बर्फाची ओढ पहिल्या काही दिवसांतच गेली होती. हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच ती जाते. त्यामुळे वाटलं, झालं बरं! सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.४.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी जे समजावलं ते आम्हाला फार आवडलं, कारण ते आमच्या धंद्यातलं होतं. लोह अंगात जास्त झालं तर बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. म्हणून सगळा बंदोबस्त दारावर. यकृत हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक सोडतं. ते आतड्याच्या दारावरचा दारवान. लोहाचा मोठा लोंढा आला की हेप्सिडिन वाढतं आणि सुमारे एक दिवस दार अर्धवट लोटलेलं राहतं. सर्व्हरवर एकदम फार मागण्या आल्या की आपण थ्रॉटलिंग करतो, अगदी तसं. हे हेप्सिडिन सापडलं २०००च्या सुमारास. त्याआधी दिवसातून तीन गोळ्या देण्याची पद्धत होती. बिचाऱ्या रुग्णांच्या दुसऱ्या-तिसऱ्या गोळीतलं बरंचसं लोह न शोषता आतड्यात पडून राहायचं आणि तेच पोटात गडबड करायचं.

स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ साली एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. लोह कमी असलेल्या स्त्रियांना ६० मिलिग्रॅमच्या चौदा मात्रा दिल्या. काहींना रोज, काहींना एक दिवसाआड. रोज घेणाऱ्यांत सुमारे १६ टक्के लोह शोषलं गेलं, दिवसाआड घेणाऱ्यांत सुमारे २२ टक्के. (आमच्या हिशेबापेक्षा हे आकडे मोठे दिसतात, पण प्रयोगातली उपाशी पोटाची शिस्त घरात कुठली!) दिवसाची मात्रा दोनदा विभागून घेण्याचाही काही फायदा दिसला नाही. हे वाचून आमच्यातला एकजण लगेच "मग दिवसाआडच घेऊ" म्हणायला लागला, तर डॉक्टरांनी थांबवलं. गोळीमागे लाभ जास्त, पण चौदा गोळ्यांना अठ्ठावीस दिवस लागतात ना? दिवसांमागे लाभ कमीच. घाई असेल, समजा बाळंतपण तोंडावर आलं असेल, तर रोज एक. पोट साथ देत नसेल तर दिवसाआड. दोन्हीपेक्षा वाईट काय, तर बारा दिवस घेऊन बंद करणं. आम्ही दिवसाआडवर तडजोड केली आणि पोटाने तक्रार केली नाही.

आता सर्वांत नाजूक विषय: चहा. गोळी सकाळी उपाशी पोटी घेतलेली उत्तम. सकाळी हेप्सिडिनही कमी असतं. आणि नेमका तेव्हाच आपला आल्याचा चहा! चहातली टॅनिनं आणि कॉफीतली त्यांची भावंडं लोहाला पकडून ठेवतात. गोळी कॉफीबरोबर घेतली तर निम्म्याहून कमी लोह शोषलं जातं, असं २०२३च्या एका प्रयोगात दिसलं. चहाचं वेगळं काही नाही. चहा सोडा असं कुणी मराठी माणसाला सांगू नये, आम्हीही सांगत नाही. गोळी उठल्या उठल्या घ्या, अंघोळ, मुलांचे डबे, तासभर जाऊ द्या, मग चहा. आमच्या घरात हा एक तास पाळणं गोळीपेक्षा कडू होतं. दूध, कॅल्शियमच्या गोळ्या, ऍसिडिटीच्या गोळ्या हेही लांब ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. लिंबू सरबत? घेतलं तर बिघडत नाही, पण वेगळी क जीवनसत्त्वाची बाटली विकत घेण्याची गरज नाही. ४४० रुग्णांवरच्या २०२०च्या एका चाचणीत त्याने हिमोग्लोबिनमध्ये विशेष फरक पडला नाही. उपाशी पोटी मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या. कमी शोषलं जाईल, पण जाईल तर खरं.

आणि गळती कुठे आहे? टाकीत पाणी भरतो तसं तोटीही बघायला हवी. डॉक्टरांनी पाळीबद्दल नीट विचारलं. किती दिवस, किती पॅड, रात्री उठावं लागतं का. आमचं उत्तर, "आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं." आई, मावशी, आत्या, सगळ्यांचं असंच, म्हणून ते नेहमीचं. ते नेहमीचं नव्हतं, आणि त्यावर वेगळे उपचार झाले. मंडळाच्या पुस्तिकेत पाळीविषयी कशाला, असं कुणाला वाटलं तर वाटो. न बोलण्यात किती लोह वाहून जातं याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

एवढं शिकून झाल्यावर आम्ही मोठी चूक केली, ती बाबांच्या बाबतीत.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून आले होते. बाबा ६६ वर्षांचे. हृदयात स्टेंट बसवल्यापासून ऍस्पिरिन चालू, गुडघ्यांसाठी अधूनमधून वेदनाशामक गोळ्या. फिरायला गेले की दमायचे, चेहरा पांढुरका दिसायचा. येण्याआधी केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.२ होतं. आम्ही आता लोहातले तज्ज्ञ! व्हिजिटर इन्शुरन्सवर डॉक्टरकडे नेणं म्हणजे कटकट. घरात बाटली होतीच. दिली सुरू करून. चार दिवसांनी बाबा संकोचत म्हणाले, "अरे, शौचाला काळं होतंय." आम्ही हसून सांगितलं, "त्या गोळीने होतंच बाबा, काळजी करू नका." आणि लोहाने काळपट होतं हे खरंच आहे. दोन आठवड्यांनी पहाटे ते बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ६.९. जठरात व्रण होता आणि त्यातून कित्येक आठवडे रक्त झिरपत होतं. तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं. व्रणाला ऍस्पिरिन, त्या वेदनाशामक गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर नावाचे जंतू यांनी मिळून हातभार लावला होता. हे जंतू आपल्याकडे लहानपणापासून अनेकांच्या पोटात असतात.

बाबा वाचले, आज ठणठणीत आहेत. पण खूण समोर होती आणि आम्हीच ती गोळीच्या नावावर खपवली, हे आम्ही विसरू शकत नाही. लोहामुळे होणारा रंग काळा-हिरवट असतो, बाकी सगळं नेहमीसारखं. रक्तस्राव असेल तर डांबरासारखं चिकट आणि विलक्षण दुर्गंधीचं. पण हा फरक घरच्या घरी ठरवत बसू नका. पुरुष असो किंवा पाळी गेलेली स्त्री, त्यांच्यात लोह कमी आढळलं तर ते गेलं कुठे हे आधी शोधायचं. बहुतेकदा दुर्बिणीने पोट आणि आतडं दोन्ही बघतात. कधी व्रण निघतो, कधी आतड्याचा कॅन्सर, आणि तो लवकर सापडण्याची ही एक संधी असते. आई-वडिलांची औषधं बॅगेत भरताना मागच्या दोन वर्षांचे रक्ताचे रिपोर्टही मागवून घ्या, असं आम्ही आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच असतो असंही नाही. आपल्यात शाकाहारी पुष्कळ, त्यामुळे बी-१२ची कमतरता पुष्कळ. लोह कमी असलं की रक्तपेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असलं तर? सरासरी बरोबर मध्ये येते आणि रिपोर्टवर सगळं आलबेल दिसतं. सरासरीने फसायचं नाही, हे आम्हा संगणकवाल्यांना तरी कळायला हवं. थॅलेसेमियाचे वाहक असलेल्यांच्या पेशीही लहानच असतात, पण त्यांची कणगी भरलेली असेल तर वर्षानुवर्षं लोह घेऊन काहीच उपयोग नाही, झाला तर अपायच.

आता त्या बैठकीतल्या प्रश्नाकडे येतो. भारतात सरकारी लोह-गोळ्यांचा कार्यक्रम १९७० पासून आहे. २०१८ पासून "अ‍ॅनिमिया मुक्त भारत" आहे. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी गोळी, १० ते १९च्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी, गरोदर बायकांना लाल. आखणी चांगली आहे, गोळीही चांगली आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झालं. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावरची ही तपासणी कितपत अचूक, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण निम्म्याच्या आसपास, हे कुणी नाकारत नाही.

आमचाच हिशेब लावून बघा. आठवड्याला एक निळी गोळी, तीत ६० मिलिग्रॅम लोह. एकही न चुकवता वर्षाला ५२. गोळीमागे ८ धरले तरी ४१६ मिलिग्रॅम. ही गोळी कणगी रिकामी होऊ नये म्हणून आहे. जिचं हिमोग्लोबिन आधीच ८ आहे तिला रोजची मात्रा कित्येक महिने हवी, आणि ती आधी सापडायला हवी. त्यासाठी रक्ताची तपासणी. मग तिच्या पोटात जंत आहेत का ते बघायला हवं. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकल सेल आहे का तेही. आणि सगळ्यांत अवघड, पहिल्याच आठवड्यात मळमळलं, वर्गात एकीला उलटी झाली, "ती गोळी बाधते" अशी गावभर आवई उठली, की तिच्या आईजवळ बसून समजावणारं माणूस हवं. जेवल्यावर घे, चहाबरोबर नको, काळं होईल त्याला घाबरू नको, पण चक्कर आली तर लगेच सांग, असं चार महिने सांगत राहणारं. आम्हाला इंटरनेट, इन्शुरन्स आणि इंग्रजी बोलणारे डॉक्टर असून बारा दिवसांच्या पुढे जाता आलं नव्हतं.

तेव्हा, काका, गोळी फुकटच आहे. आपले पैसे तपासणीला, आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा त्याच मुलीच्या दारात जाण्याला लागणार आहेत.

राहता राहिल्या दोन गोष्टी. पहिली फार महत्त्वाची. लोहाच्या गोळ्या लहान मुलांना गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात आणि मूठभर खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. आजी-आजोबांच्या आठवड्याच्या डब्या मुलांना सहज उघडतात. बाटली वरच्या कपाटात, कुलपात ठेवा. शंका आली तर लक्षणांची वाट न बघता इथल्या पॉयझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा. मूल बेशुद्ध पडलं तर थेट ९११.

दुसरी, कधी थांबायचं. गोळी लागू पडत असेल तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वाढलेलं दिसायला हवं. नाही वाढलं तर गोळी घेतली जात नाही, शोषली जात नाही, किंवा गळती चालूच आहे. अशा वेळी शिरेतून लोह देण्याचीही सोय आहे. हिमोग्लोबिन नेहमीवर आलं की डबा भरला, कणगी नाही. म्हणून पुढे साधारण तीन महिने गोळी चालू ठेवतात. आम्ही दिवसाआड घेतल्यामुळे सगळं मिळून नऊ महिने लागले. शेवटचं हिमोग्लोबिन १२.९, फेरिटिन ४१. बाबांनी पुण्याला परत गेल्यावर जंतूंचा कोर्स पूर्ण केला, वेदनाशामक गोळ्या सोडल्या, आणि ऍस्पिरिनचं काय करायचं ते त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवलं. दर सहा महिन्यांनी ते रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि खाली विचारतात, "तुमचा कुठे आहे?"